मराठी भरतनाट्यम! हे मला आजवर कुणी सांगितलं कसं नाही?

भरतनाट्यम मराठीत आहे! हौसेखातर कुणी अलीकडे भाषांतर करून बसवलेलं नव्हे. दोनशे वर्षांपूर्वी तंजावरच्या एका भोसले राजाने मराठीत रचलेलं, पायात घुंगरू बांधून नाचण्यासाठीच रचलेलं, राग-तालासकट लिहून ठेवलेलं. हे कळल्यापासून मला दुसरं काही सुचत नाही. बोईसर स्टेशनच्या पुलावर भेटलेल्या शाळेतल्या मैत्रिणीला मी हे सांगितलं, ऑफिसात डबा खाताना सांगितलं, चित्रालयच्या बाजारात मासे घेताना शेजारणीला थांबवून सांगितलं. ती म्हणाली, "अगं, पण ते तर तमिळमध्ये असतं ना?" तेच तर! मलाही परवापरवापर्यंत तेच वाटत होतं.

मी मराठी विषय घेऊन बीए केलं आहे. बखरी वाचल्या, पंतकाव्य वाचलं, शाहिरी वाचली. नाच म्हटला की मराठीत लावणी, आणि फार तर दशावतार. भरतनाट्यम ही दक्षिणेची वस्तू, आपण तिथे पाहुणे. पाहुण्यासारखं अदबीने शिकायचं, अर्थ विचारायचा नाही, टाळ्या वाजवायच्या. माझी भाची सहा-सात वर्षांची असल्यापासून भरतनाट्यम शिकते आहे आणि एवढी वर्षं मी तिला क्लासला सोडते, बाहेर बाकावर बसते आणि ती नाचते आहे ती गोष्ट कुठल्या भाषेत आहे याचा विचारही करत नाही. बोल तमिळ किंवा तेलुगू किंवा संस्कृत, चेहरा मराठी. असंच असतं, असं मी धरून चालले होते.

आमच्या बोईसरात हा क्लास आहे हीच मुळात विचार करण्यासारखी गोष्ट आहे. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झालं, देशातलं पहिलं. त्यासाठी देशभरातून माणसं इथे आली. तमिळ आली, मल्याळी आली, बंगाली, आंध्रातली आली. वसाहत उभी राहिली. पाठोपाठ एमआयडीसी वाढली आणि आणखी माणसं आली. माणूस येतो तेव्हा कुकर आणि गादीबरोबर आपली गाणीही घेऊन येतो. भाचीच्या टीचर अशाच एका तमिळ घरातल्या. जन्म, शाळा, कॉलेज सगळं इथलंच; मराठी इतकं अस्सल इकडचं बोलतात की फोनवर कुणाला कळायचं नाही. त्यांनी नाच आधी आईकडून घेतला, मग मुंबईला जाऊन-येऊन. तेव्हा डहाणूपर्यंत लोकल नव्हती, ती २०१३ च्या एप्रिलमध्ये सुरू झाली. त्याआधी पॅसेंजर आणि मेमू, आणि त्या चुकल्या की विरारपर्यंत काहीतरी करून पोचायचं. घुंगरांची पिशवी मांडीवर घेऊन त्या वैतरणा ओलांडायच्या.

तर त्या संध्याकाळी क्लास संपला होता, लहान मुली चपला शोधत होत्या. टीचर जमिनीवर बसून समोरच्या लाकडी पाटीवर काठीने ठेका देत स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होत्या. तट्टुमनै म्हणतात त्या पाटीला. मी आत डोकावले आणि शब्द ऐकू आले. मराठी शब्द! जुने, थोडे वाकडे, पण मराठी! मी दारातच थबकले आणि विचारलं, "टीचर, हे काय गाताय?" त्या हसल्या. "तुमच्याच राजाचं आहे ताई. सरफोजींचं. पुण्याला कार्यशाळेत शिकले होते." मग मला आत बसवून त्यांनी पुन्हा म्हटलं, आणि बसल्या बसल्या हातांनी, डोळ्यांनी करून दाखवलं. मला प्रत्येक ओळ कळत होती! भरतनाट्यम बघताना, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, मला हात काय म्हणतोय ते कार्यक्रमपत्रिका न वाचता कळत होतं.

त्या रात्री मी झोपले नाही, वाचत बसले. आणि काय काय सापडलं!

शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी, म्हणजे एकोजीराजे, यांनी सतराव्या शतकात तंजावरला राज्य स्थापलं, एवढं आपण शाळेत शिकतो आणि तिथून पुस्तक उत्तरेकडे वळतं. पण तंजावरचं राज्य पुढे १८५५ पर्यंत चाललं, आणि त्या गादीवर एकामागून एक असे राजे बसले ज्यांना नाटकाचं, गाण्याचं, नाचाचं अक्षरशः वेड होतं. १६८४ मध्ये गादीवर आलेल्या शाहराजांनी तेलुगूत लिहिलं आणि मराठीतही नाटकं लिहिली. विष्णुदास भाव्यांचं 'सीतास्वयंवर' सांगलीत झालं १८४३ ला, आणि तिकडे कावेरीच्या काठी दीडशे वर्षं आधी 'लक्ष्मीनारायण कल्याण' हे मराठी नाटक लिहून झालं होतं. दीडशे वर्षं!

आणि माझ्या घरापासून रिक्षाने जाता येईल अशा तारापूरच्या किल्ल्याचा धागाही मला यात मिळाला. १७३९ च्या जानेवारीत चिमाजी आप्पांच्या फौजेने तो पोर्तुगिजांकडून घेतला. बाजी भिवराव रेठरेकर तिथेच पडले. त्याच १७३९ साली तंजावरला प्रतापसिंह गादीवर आले, आणि त्यांनीही मराठी नाटकं लिहिली. इकडे आमच्या किनाऱ्यावर मराठे तटाला शिड्या लावत होते आणि तिकडे मराठे रंगमंचाचा विचार करत होते. किल्ला मी लहानपणापासून बघते आहे. त्याचं साल मला पाठ होतं. त्याच सालाचं दुसरं टोक तंजावरला आहे हे कुठे ठाऊक होतं!

सरफोजी दुसरे हे १७९८ ते १८३२ गादीवर होते. सत्ता इंग्रजांनी जवळजवळ सगळी काढून घेतलेली, हातात किल्ला आणि तनखा. मग या माणसाने काय केलं? सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं, देशोदेशीचे ग्रंथ आणवले. छापखाना काढला आणि १८०६ मध्ये इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या, 'बालबोधमुक्तावली' नावाने. बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर भोसल्यांचा अख्खा इतिहास मराठीत कोरून घेतला, १८०३ साली; तो आजही तिथे आहे. डोळ्यांवर उपचार करवले, रोग्यांच्या नोंदी ठेवल्या. आणि नाचासाठी मराठीत लिहिलं.

त्यांच्या या रचनांना 'निरूपणं' म्हणतात, आणि त्यांची हस्तलिखितं 'कोर्व्यांचे साहित्याचे जिन्नस' या नावाने सरस्वती महालात आहेत. एक निरूपण म्हणजे एक कथा. ती सलग अठरा नृत्यप्रकारांतून सांगायची, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत राग एक, ताल एक. जयजय, शरणु, अलारु, शोल्लू, शब्द, वर्ण, पद असं करत करत मंगलापर्यंत. आज आपण जो भरतनाट्यमचा कार्यक्रम बघतो त्यात अलारिप्पू एका रागाच्या आधाराने, वर्णम् दुसऱ्या, तिल्लाना तिसऱ्या, आणि प्रत्येकाचा विषय वेगळा. सरफोजींच्या डोक्यात मात्र पूर्ण रात्रीचा एकच ओघ होता. शुद्ध नृत्य आलं की कथा थांबत नाही, कथा आली की लय सुटत नाही. मी टीचरना विचारलं की हे नाचायला सोपं की अवघड. त्या म्हणाल्या, "एकाच रागात दोन तास लोकांना धरून ठेवायचं, ताई. विचार करा."

आणखी एक सांगते, हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाता यायचं नाही. याच सरफोजींचं 'देवेंद्र कुरवंजी' नावाचं मराठी नाटक आहे. कुरवंजी हा तिकडचा लोकप्रिय प्रकार. भविष्य सांगणारी भटकी कुरवंजी येते आणि आपण कुठकुठल्या डोंगरांवरून, नद्यांवरून आलो ते गाऊन सांगते. सरफोजींनी या कुरवंजीच्या तोंडी चक्क जगाचा भूगोल घातला. खंड, देश, समुद्र! इंद्राणीला ही कुरवंजी पृथ्वीचा नकाशा गाऊन, नाचून सांगते आहे, मराठीत, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला. भाचीला हे सांगितलं तर ती उडालीच. "आत्या, म्हणजे भूगोलाचा पेपर नाचून देता येईल?"

याच दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू हे चार भाऊ होते. तंजावर चतुष्टय. भरतनाट्यमच्या कार्यक्रमाचा आजचा क्रम, अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंतचा, या चौघांनी बांधला. भाची जो क्रम तोंडपाठ म्हणते, परीक्षेच्या पेपरात मराठीत लिहिते, तो. इथे मला एक स्पष्ट सांगितलं पाहिजे. ही कला अंगावर वागवली ती नाच शिकवणाऱ्या तमिळ नट्टुवनार घराण्यांनी आणि देवदासींनी. तिचा घाम त्यांचा आहे, आणि त्या बायकांना समाजाने पुढे काय वागणूक दिली तेही विसरता येत नाही. भोसल्यांनी आश्रय दिला आणि लेखणी दिली. मला एवढंच म्हणायचं आहे की त्या घरात आपण परके नव्हतो. आपली भाषा तिथे राहत होती, लिहीत होती, नाचत होती.

मग ही निरूपणं शे-सव्वाशे वर्षं कपाटात का पडून राहिली? कारण तिथल्या नर्तकांना जुनं मराठी वाचता येईनासं झालं, आणि इथल्या मराठी माणसाला भरतनाट्यम येत नव्हतं. दोन्ही येणारा माणूस हवा होता. तो आला मालवणहून! आचार्य पार्वतीकुमार, जन्म १९२१, आमच्याच या कोकणपट्टीचं दक्षिण टोक. मुंबईत राहून ते भरतनाट्यम शिकले, ज्या काळात मराठी पुरुषाने हे करणं म्हणजे घरच्यांना तोंड लपवायला लावणं होतं, त्या काळात. मुंबईतच शिकवू लागले. आणि तंजावरच्या त्या पोथ्यांपर्यंत पोचले. अक्षरं लावली, अर्थ लावला, ताल-सूर लावले, पायांचे अडवू बसवले आणि सरफोजींची निरूपणं पुन्हा रंगमंचावर उभी केली. 'तंजावूर नृत्य प्रबंध' हा त्यांचा ग्रंथ. २०१२ मध्ये ते गेले. एवढा मोठा माणूस एक्क्याण्णव वर्षं आपल्यात होता, रेल्वेने पोचता येईल अशा अंतरावर होता, आणि आमच्या शाळेच्या पुस्तकात त्यांच्यावर एक धडा नव्हता. असायला हवा होता.

आणि आता सुचेताताई. सुचेता भिडे-चापेकर. ज्यांच्या आयुष्याने माझ्या घरात सध्या वादळ आणलं आहे!

त्यांचा जन्म १९४८ चा. लहानपणीच त्या पार्वतीकुमारांकडे शिकू लागल्या. लहानपणी शिकणं म्हणजे काय असतं ते मी आता रोज बघते, म्हणून मला ते एका वाक्यात उरकता येत नाही. आधी अरमंडी. टाचा जुळलेल्या, गुडघे दोन्ही बाजूंना उघडलेले, पाठ ताठ, आणि अर्धं बसायचं. बसून बघा मिनिटभर! मांड्या थरथरतात, कंबर पुढे कलते, टीचर न बोलता फक्त काठीचं टोक पाठीच्या कण्यापाशी आणतात. त्यात बसूनच तळपाय सपाट आपटायचा, आवाज स्वच्छ आला पाहिजे, टाच आधी नाही, बोटं आधी नाहीत. तो पहिला तट्टडवू. एका लयीत, मग दुप्पट, मग चौपट, आणि चौपटीत गुडघे मिटले की पुन्हा पहिल्यापासून. त्यानंतर नाट्टडवू, मग एकेक. एकीकडे अठ्ठावीस एकेरी हस्त. पताक, त्रिपताक, अर्धपताक, कर्तरीमुख, मयूर. मग मान, मग भुवया, मग बुबुळं. आमची भाची वर्षभर डोळे फिरवत हिंडायची, जेवताना, अभ्यासाला बसताना, आणि तिच्या आजीला वाटायचं की हिला काहीतरी झालं आहे. वर्षं जातात. पहिला पूर्ण अलारिप्पू येतो तो चार-पाच मिनिटांचा, आणि त्यात गोष्ट नसते, गाणं नसतं, फक्त डोळा, मान, खांदा, हात, पाय एकेक करून जागे होतात. कंटाळून मुली सोडतात त्या इथेच. आणि ज्या थांबतात त्यांच्या चालण्यात फरक पडलेला असतो. पाठ बघूनच कळतं.

तर या सगळ्यातून जाऊन सुचेताताईंचं अरंगेत्रम झालं १९६३ साली. म्हणजे चौदाव्या-पंधराव्या वर्षी! पहिला एकटीचा, पूर्ण मार्गमचा, म्हणजे अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंतच्या अख्ख्या क्रमाचा कार्यक्रम. नट्टुवांगम, गायन, मृदंग सोबतीला, आणि मंचावर एकटी मुलगी, दोन-अडीच तास.

मला वाटायचं अरंगेत्रम म्हणजे झालं, शिखर. छे! तिथून तर पुढचं सुरू होतं. सुचेताताई त्यानंतर के. पी. किट्टप्पा पिळ्ळै यांच्याकडे शिकल्या. हे किट्टप्पा कोण? त्या चतुष्टयाचे वंशज! कळतंय का काय घडलं? ज्या चार भावांना मराठ्यांच्या दरबाराने आश्रय दिला, त्यांच्या वंशातल्या गुरूने शतकाहून अधिक काळानंतर एका मराठी मुलीला त्यांचीच विद्या दिली. आणि त्या मुलीने शाहराजांच्या रचना शोधून, अभ्यासून नृत्यात बसवल्या. मी हे वाचलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते, कारखान्यांच्या बाजूने कसलातरी भोंगा झाला, आणि मला उठून कुणालातरी हलवून जागं करावंसं वाटलं.

त्या तिथेही थांबल्या नाहीत. भरतनाट्यम कर्नाटक संगीतावर उभं. पण महाराष्ट्राचा कान हिंदुस्थानी संगीतावर वाढलेला. मग भरतनाट्यमची देहबोली, तिचं व्याकरण अजिबात न सोडता हिंदुस्थानी रागांवर रचना का करू नयेत? त्यांनी केल्या, आणि त्या सगळ्या कामाला नाव दिलं 'नृत्यगंगा'. पुण्याला 'कलावर्धिनी' उभी केली. तिथून कितीतरी शिष्या तयार झाल्या. त्यांची मुलगी अरुंधती पटवर्धन याही नर्तकी आणि गुरू. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार सुचेताताईंना २००७ चा. मला पुरस्कारापेक्षा त्यांच्या आयुष्याचं हे वळण मोठं वाटतं: शिकणं, नाचणं, शोधणं, लिहिणं, रचणं, शिकवणं, सगळं एकाच आयुष्यात, एकाच देहाने. नर्तकीचा पेशा म्हणजे वार्षिक संमेलनातले कार्यक्रम आणि मग लग्न झाल्यावर सोडून देणं, हेच ज्यांनी बघितलंय त्यांनी हे आयुष्य एकदा समोर ठेवून बघावं.

आणि पार्वतीकुमारांचं बोट धरून आणखीही कुणी निघालं होतं. रोहिणी भाटे! कथ्थकच्या एवढ्या मोठ्या रोहिणीताई, त्यांनी सुरुवातीला भरतनाट्यमचे धडे घेतले ते पार्वतीकुमारांकडे. १९४७ साली पुण्यात 'नृत्यभारती' काढली, मग लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडे वर्षानुवर्षं कथ्थक. इझाडोरा डंकनचं आत्मचरित्र त्यांनी मराठीत आणलं. नर्तकीने वाचायचं असतं, लिहायचं असतं, हे त्यांनी करून दाखवलं. भाचीच्या शेल्फावर त्यांचं 'माझी नृत्यसाधना' मी आणून ठेवलं आहे. अजून तिने चित्रंच बघितली आहेत, हरकत नाही.

या सगळ्या भरात, इथल्या मातीतला नाचही दाखवावा म्हणून, मी टीचरना दिवाळीनंतर एके संध्याकाळी बोईसरच्या पूर्वेला एका पाड्यावर घेऊन गेले, भाचीसकट. आमच्या ऑफिसातल्या एका वारली सहकाऱ्याचं घर तिथे आहे. भात कापून झालं होतं, तारपा बाहेर निघाला होता. वाळलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाचं पान, मेण. एवढ्याच सामानातून तो आवाज येतो, आणि एकदा सुरू झाला की तुटत नाही, वादक श्वास कधी घेतो ते कळत नाही. तारपावाला मधोमध, बायका-पुरुष एकमेकांच्या कमरेला हात घालून त्याच्याभोवती, आणि ओळ वळत जाते, आत जाते, उलगडते. तारप्याकडे पाठ मात्र कुणी करत नाही. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांतून ही फिरती ओळ जगभर गेली, त्यांना २०११ ला पद्मश्री मिळाली. आणि जव्हारजवळच्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा, नव्वदी ओलांडलेले तारपावादक, त्यांना २०२६ ची पद्मश्री जाहीर झाली. पोरवयापासून तारपा फुंकणारा माणूस! घरात पिढ्यान्‌पिढ्या तारपा, गुरू घरचाच, शाळा रानातली.

भाचीला त्या बायकांनी ओळीत ओढलं. आणि गंमत म्हणजे तिला जमेना! सात-आठ वर्षांचा रियाज, तिन्ही लयी पक्क्या, आणि तिचा पाय जमिनीला चिकटून बसायचा. अरमंडीतला पाय जमिनीत ठोकतो. इथे पाय जमिनीवरून उसळायला हवा होता, आणि एकटीने नव्हे, शेजारणीच्या कमरेच्या हिशेबाने. टीचर बाजूला उभ्या राहून बोटांवर मात्रा मोजत होत्या, मग मोजणं सोडून त्याही ओळीत शिरल्या. परतताना रिक्षात त्या मला म्हणाल्या की हिला दर दिवाळीला इथे आणायचं, याने हिचा ताल सुटा होईल. मला फार आवडलं ते. ज्या जिल्ह्यात हा नाच मातीतच आहे, तिथल्या मुलीला भरतनाट्यमसाठी मोकळं अंग इथेच मिळणार. दुसरीकडे कशाला शोधायचं?

आता घरातलं वादळ. भाची जूनमध्ये नववीत जाते आहे. दादाने, म्हणजे माझ्या भावाने, फेब्रुवारीतच जाहीर केलं होतं: नाच बंद. दहावीनंतर बघू. वहिनी गप्प. हे आमच्याच घरात आहे असं नाही. क्लासमधल्या मोठ्या बॅचला बघा; आठवीपर्यंत खोली भरलेली, नववीला निम्म्या मुली गायब. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांची वाट प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, मग विशारदचे दोन टप्पे, अशी आहे. आणि बरोबर मध्यमाच्या उंबरठ्यावर, जिथे शरीर तयार झालेलं असतं आणि अभिनय कळायला लागलेला असतो, तिथे आम्ही मुलीला उचलून शिकवणीच्या बाकावर नेऊन बसवतो. सुचेताताईंचं अरंगेत्रम ज्या वयात झालं, नेमक्या त्याच वयात!

मी दादाशी भांडले. रडले नाही, ओरडले नाही, पण सोडलंही नाही. त्याला म्हटलं, शास्त्रीय नृत्याच्या परीक्षांचे दहावीला वाढीव गुण मिळतात, ते तुझ्या कंपनीतले लोक स्वतःच्या मुलांसाठी बरोबर विचारत असतात. पुढचंही सांगितलं. पुण्याला विद्यापीठाचं ललित कला केंद्र १९८७ पासून आहे, तिथे भरतनाट्यममध्ये पदवी घेता येते. मुंबईत जुहूला कनक रेळे यांचं नालंदा नृत्य कला महाविद्यालय आहे, मुंबई विद्यापीठाची पदवी. आणि कनकताई स्वतः कोण होत्या? सातव्या वर्षी कथकली शिकायला बसलेल्या, पुढे कायद्याची पदवी घेतलेल्या, मोहिनीअट्टमवर आयुष्य लावलेल्या, २०१३ च्या पद्मभूषण. त्यांनी नृत्याला विद्यापीठाच्या पदवीपर्यंत नेलं, म्हणून आज आपल्या मुलीला 'पुढे काय' याचं उत्तर देता येतं.

दादा ऐकून घेत होता. तो वाईट माणूस नाही. रात्रपाळी करून आलेला, त्याला हिशेब लागतो, आणि हिशेब मागणं काही गैर नाही. या पेशात पैसा सहज नाही हे टीचरनीही त्याला सांगितलं, मी बोलावलं होतं त्यांना घरी. कार्यक्रमाचं मानधन साथीदारांतच संपतं. वर्षाचा संसार चालतो तो शिकवण्यावर. त्यांनी काही लपवलं नाही. पण त्यांनी हेही सांगितलं की पालघर-बोईसर पट्ट्यात शिकणाऱ्या मुली वाढताहेत आणि नीट शिकवणारं माणूस शोधावं लागतं. मग चहा झाल्यावर त्यांनी भाचीला हाक मारली, सोफा भिंतीला सरकवला, आणि जेवणाच्या टेबलावर बोटांनी ठेका धरून सरफोजींच्या त्या निरूपणातला एक तुकडा म्हटला, जो त्या तिला नुकताच शिकवू लागल्या आहेत. भाची नाचली. घरच्या फरशीवर, घुंगरांशिवाय, शाळेच्या ट्रॅकपँटमध्ये.

दादाने आजवर तिचे सगळे कार्यक्रम पाहिलेत, मोबाइलवर चित्रण करत. या वेळी मोबाइल खिशातच राहिला. शब्द मराठी होते ना! ती हाताने काय सांगते आहे ते त्याला कळत होतं. मधेच त्याने मला विचारलं, "हे राजाने लिहिलंय? आपल्या?" मी म्हटलं, हो, भोसल्यांनी. तो पुन्हा बघायला लागला.

तुकडा संपल्यावर त्याने टीचरना तीन प्रश्न विचारले. विशारद व्हायला अजून किती वर्षं लागतील. नववीत आठवड्याला किती दिवस यावं लागेल. आणि हे अठरा प्रकारांचं अख्खं निरूपण हिला कधी करता येईल. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं टीचरनी लगेच दिली. तिसऱ्याला म्हणाल्या, "अरंगेत्रम होऊ दे, मग पुण्याला घेऊन जाऊ. तिथे नीट शिकावं लागेल."

गणिताची शिकवणी आता सकाळी सहाची ठरली आहे. संध्याकाळी मंगळवार, गुरुवार आणि शनिवार नाचाचे.